सहा कांड्या आणि एक कोरा कागद

१

बसवराजने पेटीतल्या कांड्या तिसऱ्यांदा मोजल्या आणि तो मटकन खाली बसला. चाळीस असायला हव्या होत्या, भरल्या चौतीस.

विहिरीवर सुरुंग लावायचं काम तो बावीस वर्षं करतोय. माणूस देगलूरकडचा, खिशात परवाना, तोंडात अर्धी मराठी आणि अर्धी कानडी. एक कांडी जरी कमी भरली तरी पोलिसांना कळवावं लागतं हे त्याला पाठ होतं. त्याने लगेच फोन लावला आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता ही भानगड माझ्या गळ्यात पडली.

मी किनवट तालुक्यातल्या एका ठाण्याचा फौजदार. ठाण्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीतली सगळ्यात मोठी घोडचूक माझी आहे. मूळचा मी शिरूर अनंतपाळचा. हवालदाराचा फौजदार व्हायला सव्वीस वर्षं लागली, त्यामुळे नव्या खुर्चीत जरा ताठच बसत होतो.

विहीर रामलिंगची, गावाबाहेर त्याच्या आखाड्यावर. आखाडा म्हणजे शेतातलं घर. त्याच्या दारापासून विहीर चाळीस पावलं. विहीर खोल करायची म्हणून कालच भोकं पाडून झाली होती, आज दुपारी सुरुंग उडणार होता. बसवराजने लिंबाच्या झाडाखाली पेटी ठेवली, आठ वाजता कांड्या मोजल्या, आणि भोकं तपासायला आपला गडी घेऊन विहिरीत उतरला. "आत्ता येतो" म्हणून कुलूप नुसतं अडकवलं होतं. पाऊण तासाने वर आला तर सहा कांड्या गायब.

"ह्या वेळात झाडापाशी कोण आलं होतं?" मी विचारलं.

"मी खाली होतो साहेब. पन मदी एकदा काठावर डोकं काढलं तवा एक पोरगी दिसली. माठातलं पानी पिऊन राहिली होती. पायात पळायचे बूट."

अख्ख्या गावात पळायचे बूट एकाच पोरीकडे होते, आणि ती पोरगी मी चांगली ओळखत होतो.

२

तनुजाचा बाप ती लहान असतानाच गेला. आई पंचफुलाबाई शेतात मजुरी करते आणि गावातल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालते. तनुजा दोन वर्षं रोज पहाटे इस्लापूरच्या रस्त्यावर धावायची. गस्तीवरून परतताना कितीतरी वेळा मीच जीप थांबवून मोबाईलवर तिची वेळ लावली आहे आणि "अजून चार सेकंद काढ गं!" म्हणून ओरडलो आहे. पोलीस भरतीच्या यादीत तिचं नाव लागलं तेव्हा पहिले पेढे ठाण्यात आले. मला इतका आनंद झाला की मी तीन खाल्ले.

सोमवारी तिला प्रशिक्षणाला हजर व्हायचं होतं. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. आता जर स्फोटकांच्या चोरीत तिचं नाव लागलं, तर त्या कागदावर मला दुसरंच काही लिहावं लागणार होतं आणि पोरीची नोकरी सुरू होण्याआधीच जाणार होती.

सोमवारपर्यंत घरी बसून काय करायचं म्हणून ती शेजारच्या शेतात हळद शिजवायच्या कामाला जात होती. ते शेत रामकिशनचं, म्हणजे रामलिंगच्या थोरल्या भावाचं. मी तिला बोलावलं. ती आली, हात कोपरापर्यंत पिवळे, कपाळाला घाम.

"झाडापाशी गेली होतीस?"

"हाव साहेब. पाणी पेले अन् परत आले."

"पेटीला हात लावलास?"

"न्हाई."

इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. महिन्यापूर्वी नांदेडला आमचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. तिथे प्रत्येक ठाण्याला एक छोटी पेटी मिळाली. तिच्यात कागद आणि तीन बाटल्या. संशयिताचा हात कागदाने पुसायचा, त्यावर पहिल्या बाटलीचा थेंब टाकायचा. कागद लाल झाला की टीएनटीच्या घराण्यातलं स्फोटक. झाला नाही तर दुसरी बाटली, मग तिसरी. त्यांत गुलाबी रंग आला की स्फोटकाची दुसरी जात. शिबिरातलं जेवण जरा जड झालं होतं, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या बाटलीच्या वेळी माझा डोळा लागला होता.

पण पहिली बाटली मला नीट आठवत होती. मी तनुजाचे हात कागदाने पुसले. चाळीसेक माणसं भोवती जमली होती. रामकिशन होता, रामलिंग होता, पंचफुलाबाई धावत आली होती. मी सगळ्यांना दिसेल असा कागद धरला आणि थेंब टाकला.

कागद लालभडक झाला.

३

"साहेब, म्या फकस्त पाणी पेले," एवढंच तनुजा म्हणाली. रडली नाही. पंचफुलाबाईने तिच्यासमोर येऊन माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

वरिष्ठांचा फोन आला. सहाच्या आत गुन्हा नोंदवा, आरोपीचं नाव टाका, आणि नांदेडहून प्रयोगशाळेची फिरती गाडी येतेय तिची वाट बघा. तनुजाला मी जीपमध्ये बसवलं. बेडी घातली नाही, पण जीपचं दार मी स्वतः लावलं. तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

दुपारी तीनला गाडी आली. तिच्यातून एक बुटक्या, पन्नाशीला टेकलेल्या बाई उतरल्या. खांद्याला पिशवी, पदर खोचलेला. या बबिता मॅडम. माहूरच्या. त्यांची आई देवीच्या पायऱ्यांपाशी हळदीकुंकवाचं दुकान लावायची आणि कुंकूही घरीच बनवायची, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी माझा लाल कागद उन्हात धरून पाहिला.

"पोरीचा हात पुसायच्या आधी कोणाचा पुसला होता?"

"कोणाचाच नाही."

"स्वतःचा?"

"मॅडम, मी फौजदार आहे."

"ते बाटलीला कुठं माहीत असतं?" असं म्हणून त्यांनी माझा उजवा हात धरला, कोरा कागद बोटांवरून आणि नखांच्या कडांवरून घासला आणि थेंब टाकला. कागद लाल झाला. तनुजाच्या कागदाइतका भडक नाही, पण लालच. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. डावा हात पुसला तर कागद कोराच राहिला.

"दुपारी काय जेवलात?"

"वांग्याची भाजी आणि भाकरी," मी पडलेल्या आवाजात म्हणालो.

"धुणं धुतलंय कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यावर पंचफुलाबाई सकाळपासून पहिल्यांदा बोलली. "हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतंच की वो साहेब! कोन्या बी बाईला इचारलं असतं तर सांगितलं असतं. माझ्या लेकराला जीपमदी कोंडायच्या आदी इचारायचं की!"

"बरोबर बोलल्या तुम्ही," बबिता मॅडम म्हणाल्या. "पहिल्या बाटलीत साबणासारखाच, पण त्याहून जहाल खार असतो. हळदीला खार लागला की ती लाल होणारच, माझी आई कुंकू असंच बनवायची. पोरगी कोपरापर्यंत हळदीत, हे डोळ्यांना दिसत होतं." मग त्या बसवराजकडे वळल्या. "तुमच्या कांड्यांत टीएनटी असतं?"

"इल्ला, न्हाई मॅडम. आमचा माल नायट्रेटचा."

"म्हणजे जी वस्तू पेटीत नव्हतीच, ती आपल्या साहेबांनी पोरीच्या हातावर शोधून काढली."

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तरी वर्दीची खोड जात नाही. मी म्हणालो, "मॅडम, लाल रंग हळदीचा असेल. पण म्हणून तिने कांड्या घेतल्याच नाहीत, असं कुठं ठरतं?"

मला वाटलं त्या चिडतील. त्या हसल्या. "हा तुमचा आजचा पहिला चांगला प्रश्न. पोरीला जीपमधून उतरवा, सावलीत बसवा. त्या पाऊण तासात झाडाच्या जवळपास जे जे होते, त्या सगळ्यांचे हात मला पाहिजेत."

४

जवळपास होते चौघेच. बसवराज विहिरीत, त्याचा गडी सतत त्याच्या नजरेसमोर, म्हणून गड्याला आम्ही सोडून दिलं. तनुजा पाण्याला आलेली. रामकिशन बांधापलीकडे हळदीपाशी. आणि रामलिंग विहिरीच्या वरच्या अंगाला, शेततळ्यावर.

आधी रामकिशनकडे गेलो. हळद शिजवायचा मोठा कुकर धडधडत होता, वाफेत म्हातारा नीट दिसतही नव्हता. विहीर खोल करायला सगळ्यात जास्त विरोध त्याचाच होता. गावासमोर बैठक झाली होती, भावाभावांत तू-तू मैं-मैं झाली होती, आणि शेवटी रामलिंगने मांडीवर थाप मारून सांगितलं होतं की सुरुंग उडणारच.

"त्याची हीर खोल गेली की माझी कोरडी पडती. म्हणून भांडलो. त्यात काय लपवायचं?" रामकिशन गुरकावला. "पन म्या चोरायच्या म्हनलं असतं तर सहाच कामून चोरल्या असत्या? पेटीच उचलली असती."

"सकाळपासून काय करत होतात?" मॅडमनी विचारलं.

"पहाटं केळीला खत टाकलं. मग हितं. हात बघा की, धुवाया बी सवड न्हाई."

मॅडमनी त्याचे हात पुसून कागद पाकिटात घातले. मला मनातून रामकिशनच वाटत होता. कारण होतं, संधी होती, तोंड तर फारच होतं.

मग शेततळ्यावर. रामलिंग काठावर उकिडवा बसला होता. पंचावन्न-छपन्नचा, बायको चार वर्षांपूर्वी वारली, मुलगा पुण्याला कंपनीत. ठिबकच्या टाकीशेजारी नायट्रेटच्या खताची दोन पोती एकावर एक ठेवली होती. माझे पाय दुखत होते म्हणून मी त्यांवर टेकलो. दोन्ही गच्च भरलेली होती, बसायला बरी.

"मी सकाळधरून हितंच हाय," तो म्हणाला. "टाकीत खत इरघळवून राहिलो होतो."

"काठीने ढवळता की हाताने?" मॅडमनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हातानंच. काल दोनच पोती आनली, त्यातलंच सकाळी सोडलं."

त्याने हात पुढे केले. मॅडमनी पुसले. बोटांची टोकं लाल झाली होती आणि एका ठिकाणी साल निघालं होतं. पाण्यात काम करणाऱ्याचे हात असेच असतात, असं मी मनात म्हटलं. मॅडमनी कागद पाकिटात घातले.

परत येताना त्यांनी आखाड्यावर पाणी मागितलं. घरात रामलिंगची मुलगी साक्षी बाजेवर पडून होती. नववा महिना लागलेला, चेहरा फिकट. पहिलं बाळंतपण माहेरी, पण माहेरी आई नाही. पंचफुलाबाई रोज संध्याकाळी येऊन तिचे पाय चेपून देते. तनुजा आणि साक्षी एकाच वर्गात होत्या.

"डॉक्टरांनी उठू नको, गाडीत बसू नको म्हणून सांगितलंय," साक्षी म्हणाली. "याच्या आदी दोनदा पोट पडलं. दुसऱ्या बारीला सासरी होते. शेजारी रस्त्याच्या कामाला सुरुंग उडला अन् त्याच रात्री... डॉक्टर म्हनले, आवाजानं असं होत न्हाई. पन मनातून जात न्हाई ना."

"आज सुरुंग उडणार हे तुला माहीत होतं?"

"हाव. म्या बाबांना काही बोलले न्हाई. मर्दमानसापाशी असलं काय बोलायचं? आई असती तर बोलले असते." मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, तनुजानं न्हाई केलं. ती तसली न्हाई. बाबांना बी तेच वाटतंय, सकाळधरून अन्नाला शिवले न्हाईत ते."

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाहेर आल्यावर त्यांनी लिंबापासून घराच्या दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"चोर कळला?" मी विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "न कळता तर बरं झालं असतं, असं वाटून राहिलंय."

५

घड्याळात पाच वाजले होते. लिंबाखाली बाज टाकली आणि मॅडमनी तिच्यावर कागद मांडले. प्रत्येक माणसाचे तीन कागद, प्रत्येक बाटलीला एक. सगळ्यांत पुढे त्यांनी नुसत्या हळदीचे तीन कागद ठेवले, म्हणजे हळदीने कुठे काय रंग येतो ते आधीच कळावं. चौघांना समोर बसवलं. पंचफुलाबाई लेकीच्या पाठीशी उभी राहिली.

पहिल्या बाटलीला बसवराजचा कागद फिका लाल झाला. "सकाळी पोहे खाल्ले," तो घाईघाईने म्हणाला. रामकिशनचा आणि तनुजाचा भडक लाल. दुसऱ्या बाटलीला कुणाचंच काही आलं नाही. मग तिसरी, नायट्रेटची. बसवराजचा कागद गुलाबी. तो तर रोज तोच माल हाताळतो. रामकिशनचा गुलाबी. तनुजाचा कागद हळदीच्या कागदासारखाच राहिला, गुलाबीचा टिपूसही नाही.

"आता साहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर," मॅडम म्हणाल्या. "कांडी हातात घेतली की नायट्रेट हाताला लागतं. तनुजाच्या हातावर ते नाही. तुम्ही म्हणाल, तिने हात धुतले असतील. धुतले असते तर ही कोपरापर्यंतची हळद अशी राहिली असती? साबणाने घासले असते तर ती जागेवरच लाल पडली असती. या पोरीने सकाळपासून हात धुतलेच नाहीत. ज्या हळदीने तिला अडकवलं, तीच हळद तिची साक्ष देतेय."

पंचफुलाबाईने तोंडाला पदर लावला. तनुजाने मागे न बघताच आईचा हात धरला.

"म्हणजे रामकिशन!" मी उठलोच.

"बसा हो! खालच्या शेतातल्या केळीच्या बुडाशी खताचे दाणे अजून विरघळलेले नाहीत, मी येताना बघितले. तो म्हणाला खत टाकलं, आणि हातही तेच सांगतात. खतातही नायट्रेटच असतं, तिसऱ्या बाटलीला खत आणि कांडी यांतला फरक कळत नाही, म्हणून तिच्यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही. खताच्या दिवसांत निम्म्या गावाचे हात गुलाबी निघतील. मी उलटं शोधत होते. ज्याचा हात गुलाबी निघायलाच पाहिजे आणि निघत नाही, असा माणूस."

बाजेवर शेवटचे तीन कागद राहिले होते. तिन्हींवर थेंब पडले होते आणि तिन्ही कोरे होते.

"हा माणूस म्हणतो, सकाळपासून हाताने खत विरघळवतोय. मग तिसरा कागद कोरा कसा? त्याच्याकडे दोनच पोती आहेत, आणि साहेब, तुम्ही मघाशी ज्यांवर बसलात ती दोन्ही भरलेली होती. शिवणसुद्धा उसवलेली नव्हती." मॅडमचा आवाज फार हळू झाला होता. "पहिला कागदही कोरा. तुमच्या-माझ्या घरात जो दुपारी जेवला, त्याच्या नखाच्या कडेला थोडी तरी हळद राहतेच. म्हणजे हा माणूस आज जेवलेला नाही. आणि हात असे घासलेत की साल निघालं. का घासावे? त्याने सकाळी या झाडाखाली एका पोरीचा कागद लाल होताना बघितला होता म्हणून."

रामलिंगने दोन्ही हात बाजेवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

६

"शेततळ्यात हायेत," तो म्हणाला. "सहाच्या सहा. पिशवीत दगड घालून बुडवल्या."

"अरे पण का?" मी ओरडलोच. "विहीर तुझी, सुरुंग तुझा!"

मॅडमनी तांब्या पुढे केला. पाणी पिऊन तो बोलला, पण कुणाकडे न बघता.

"साक्षीला पानी न्यायला गेलो तर पोटावर हात ठिवून भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्या इचारलं, काय झालं? म्हनली, काय न्हाई. पन मागच्या बारीला सुरुंग उडला त्याच राती तिचं पोट पडलं, हे मला ठावं होतं. तिची माय असती तर तिनं मला सांगितलं असतं, आज सुरुंग उडवू नका म्हनून. आता कोन सांगनार? अन् म्या कोनाला सांगनार? भर बैठकीत मांडीवर थाप मारून बसलो. आता मागं सरकलो तर म्हनतील, थोरल्या भावाला भ्याला. मला वाटलं, कांड्या कमी पडल्या की बसवराज निघून जाईल, महिनाभरानं येईल, तवर पोरगी मोकळी होईल. एवढी पोलीस-गाडी येते, हे कुठं ठावं होतं मला?"

"आणि तनुजाचा कागद लाल झाला तेव्हा?" मॅडमनी विचारलं.

"तवा बोलायला पायजे होतं." त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "तोंड उघडलं बी होतं. मग पोरगी आठवली. मला नेलं तर तिच्यापाशी कोन? अन् गेलो, हात धुवून आलो. मपल्याच पोरीचं बघितलं म्या. दुसऱ्याची पोर बघितली न्हाई."

पहिला उठला तो रामकिशन. मला वाटलं, भावाला मारतोय. त्याने रामलिंगचा खांदा धरून गदागदा हलवला. "येड्या! एक शबूद बोलला असता तर म्याच बसवराजला येशीवरून परत धाडला असता. साक्षी माझी कोन न्हाई का रे?" म्हातारा रडत होता आणि रडता रडता शिव्या देत होता. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

रामलिंग पंचफुलाबाईच्या पायाशी वाकला. ती दोन पावलं मागे सरली.

"पाया पडू नका," ती म्हणाली. "तुमच्या पोरीचे पाय म्या रोज चेपते. आज बी चेपायला येते, तिनं काय केलंय? पन तुमच्याशी बोलनं व्हईल का न्हाई, ते आज सांगता येत न्हाई."

सहाला दहा मिनिटं कमी असताना मी गुन्हा नोंदवला. तनुजाचं नाव त्यात नव्हतं. बॉम्बशोधक पथकाने पिशवी काढली, कांड्या सहाच भरल्या. रामलिंगवर गुन्हा लागलाच, तो खटला त्याला लढावा लागेल. पण तो कुठे पळून जाणार नव्हता, म्हणून मी त्याला अटक न करता नोटीस देऊन घरी सोडलं. वरिष्ठांना कारण लिहून कळवलं. ते काय म्हणाले ते जाऊ द्या.

ठाण्यात परत यायच्या आधी मी गावासमोर तनुजाची माफी मागितली, शिबिरात दुसऱ्या बाटलीपासून डोळा लागला होता हेही सांगून टाकलं. सव्वीस वर्षांत कुणाची मागितली नव्हती, त्यामुळे शब्द नीट जुळले नाहीत.

"साहेब," ती म्हणाली, "प्रशिक्षणात ती पेटी शिकवतील तवा तिसऱ्या बाटलीपर्यंत मी जागी राहीन." चाळीस माणसं हसली. मी पण हसलो, आणि त्या रात्री पडताळणीच्या कागदावर सही करताना मला डोळे पुसावे लागले. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम बसस्टँडच्या रस्त्याने जीप घेतली. पहाटेच साक्षीला कळा सुरू झाल्या होत्या. रुग्णवाहिका इस्लापूरहून निघाली होती आणि तोवर पंचफुलाबाई तिच्यापाशी अडकली होती. लेकीला निरोप द्यायलाही तिला येता आलं नाही. रस्त्यावरून तनुजा एकटीच चालली होती. तिच्या दहा पावलं मागे डोक्यावर तिची पत्र्याची ट्रंक घेऊन रामलिंग येत होता. गाव दारादारांतून बघत होतं, आणि तो मान खाली घालून चालत होता.

मी जीप बंद करून थांबलो. बसस्टँडजवळच्या वडापाशी पोचल्यावर तनुजा वळली आणि दोन्ही हातांनी ट्रंक खाली उतरवून घेतली.

"इथून पुढं मी नेते, काका," ती म्हणाली. "माझी माय तिथं एकटी हाय. तुम्ही घरी जा, चूल पेटवा, पानी गरम ठिवा. साक्षीला आज माणूस पायजे."

रामलिंगने मान हलवली, पण पाय निघेना. ती ट्रंक उचलून चालू लागली. दहा-बारा पावलांवर तिने न वळताच आवाज दिला, "जा म्हनलं ना बाबा आता!"

तेव्हा कुठे तो वळला, आणि छपन्न वर्षांचा तो माणूस धोतर सावरत आखाड्याकडे धावत सुटला.